ताणलेली साखळी

मंगळवार, दुपार

चि. बारक्या,

काल तू माझ्या लेकीला तोंडावर सांगितलंस की तिच्या नवऱ्याने विमान फार जोरात वळवलं, म्हणून डावं इंजिन निखळलं आणि विमान पडलं. म्हणून हे पत्र. एरवी मी गप्प राहिले असते. तूही त्याच भरवशावर बोललास.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे. माझा गुडघा दुखतो. मोरीतला नळ गळतो. लेक कालपर्यंत जेवत होती, पण ताटात काय आहे ते तिला कळत नसावं. जावयाचे बूट कालपर्यंत दाराशीच होते. मी हलवले की ती परत आणून ठेवायची. काल तू गेल्यावर तिने विचारलं, "आई, तो विमान दांडगाईने चालवायचा का गं?" मामा बोलला म्हणजे ते खरंच, असं ती लहानपणापासून मानते.

आता कामाचं. तुझं विमान देखणं होतं, ते मी कधी नाकारलं नाही. आठ माणसांचं छोटं विमान, पंख जमिनीलगत. पंखाखाली इंजिन मावत नाही, म्हणून शेपटीकडे, धडाच्या दोन्ही बाजूंना लावायचं. इथवर सगळे तेच करतात. तुला आत आवाज नको होता, म्हणून तू इंजिनं आणखी मागे नेलीस आणि धडापासून लांब धरलीस. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, असं मी तेव्हाच म्हटलं. तू हसलास. "ताई, तू रिटायर झालीस, तुझी बादली कधी होणार?"

इथे खांदा म्हणजे धडातलं ते कडं, ज्यावर इंजिनाचा सगळा भार येतो. ते भार सोसतं का, हे आधी जमिनीवर बघायचं असतं. इंजिनाच्या जागी लोखंडी ठोकळा टांगायचा आणि त्याला खाली ओढत राहायचं. ठोकळा सुटलाच तर आदळू नये म्हणून वरून क्रेनची साखळी. ती ढिली हवी, मधे चांगली लोंबलेली. ताणलेली असली की भार कडं उचलत नाही, क्रेन उचलते. आणि आपण खाली उभे राहून कड्याची पाठ थोपटतो. कारखान्यात माझ्या हाताखाली आलास तेव्हा तुला सर्वांत आधी हेच शिकवलं होतं.

अवशेष शेडमध्ये आणले त्या दिवशी तू मला बोलावून घेतलंस आणि डाव्या कड्याचा तुकडा माझ्या पिशवीत घातलास. तुटल्या जागी अर्धा भाग काळवंडलेला होता, अर्धा चकचकीत. काळा भाग आधीच्या उड्डाणांत हळूहळू वाढलेल्या चिरेचा. चकचकीत तेवढा शेवटच्या क्षणाचा. जावयाने काय केलं असतं म्हणजे ती चीर बुजली असती?

"साखळी मीच ताणायला लावली, ताई. एकुलतं एक धड होतं. ठोकळा पडून मोडलं असतं तर?" असं म्हणून तू रडलास. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोळे मी पदराने पुसले. तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. मोडायचंच होतं तर तिथे मोडायला हवं होतं. जमिनीवर, रिकामं.

"थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे," म्हणालास. मी ठेवला, पिठाच्या डब्यामागे. पीठ काढताना हाताला लागायचा, आणि लेक समोर बसलेली असायची. इतके दिवस मी तुझी ताई होते. तिची आई नव्हते.

काल तो टेबलावर ठेवून तिला सगळं सांगितलं. चिरेवरून तिने बोट फिरवलं.

"मामाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला?"

मी हो म्हटलं. ती उठली, दाराशी गेली, बूट उचलून आपल्या खोलीत नेले आणि कडी लावली. अजून बाहेर आलेली नाही. दोनदा ताट ठेवलं, दोनदा उचललं.

तुझं पुढे काय होईल ते मला कळतं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, त्यामुळे जरा जास्तच कळतं. चौकशीवाल्यांनी बोलावण्याआधी आपल्या पायांनी जा. एकट्याने जायचं धाडस होत नसेल तर मला घेऊन जा, मी बाहेर बाकावर बसेन. पण या घरी, लेक स्वतः बोलावील तोवर येऊ नकोस.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. राग आहे असंही नाही.

ताई

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती दिलं ते असं : डाव्या कड्याचा तुकडा, एक. साखळीबद्दल तू बोललास ते, माझ्या शब्दांत, माझ्या सहीने. तुकडा मी कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठे दडवून ठेवला, तेही. तो जुन्या टॉवेलात गुंडाळून नेला होता. टॉवेल त्यांनी घडी करून परत दिला.