एअरमध्ये लागलो

२ जून
ठरलं. एअर फोर्स. तेही डायरेक्ट ऑफिसर. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज चालतो, हे कळल्यापासून या कॉलेजचा आणखीच वीट आलाय. बारावीला फिजिक्स नव्हतं म्हणून विमान उडवू देणार नाहीत, अकाउंट्स शाखा मिळेल म्हणे. मिळू दे. एकदा आत गेलो की माझी पर्सनॅलिटी बघून तेच कॉकपिटमध्ये बसवतील.
उद्यापासून पाचला उठून धावणे.

४ जून
धावलो नाही. सुरतेच्या या बमरोलीत धावायचं कुठे? मिलच्या रंगीत पाण्याचा वास, पायात चिंध्या, मागे कुत्री. शी. ऑफिसरने असल्या जागी धावूच नये. चांगली जागा मिळेपर्यंत मनाने फिट राहायचं.

९ जून, सकाळी
पप्पा शिफ्टवरून आले. बारा तास वॉटरजेटच्या खात्यात उभे असतात. त्या कापड विणायच्या मशिनी पाण्याच्या धारेने धागा फेकतात, सगळी फरशी ओली. पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यात सोललेली. तेच पाय पसरून माझ्या चहा-खारीसमोर बसले. कप ठेवून उठलो. मायला म्हटलं, मी मेलो तरी खात्यात जाणार नाही, माझी लाइन एअर. माय म्हणाली, आधी कप धू.

१८ जून
अर्ज भरला. ललितनेही भरला. हा माझ्याच बाकावरचा, चष्मा लावून रात्रंदिवस घोकणारा प्राणी. त्याला बघून कीव येते. ऑफिसर जन्माला यावा लागतो, पाठ करून होत नाही.

३ ऑगस्ट, रविवार
घरी कानुबाई बसली, आम्हा खानदेशींची देवी. सुरतेतले सगळे भाऊबंद आमच्या दोन खोल्यांत. प्रसादाचा रोट बाहेरच्याला देता येत नाही, उरवताही येत नाही, म्हणून मलाच चेपावा लागला. परीक्षा तोंडावर अन् पोट पिंपासारखं. वरून माय प्रत्येक बाईला सांगत होती, "आमना पोऱ्या एअरमा लागी ग्या." मी फक्त अर्ज केलाय हे मध्येच सांगणं बरं दिसलं नसतं. थोडक्यात, सांगितलं नाही.

४ ऑगस्ट
विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाचा बॅनर. त्यावर माझा गॉगलमधला फोटो, खाली हे मोठ्या अक्षरांत: चि. कुंदन यांची एअरजेटवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.
एअरजेट. म्हणजे हवेने धागा फेकणारी मशीन. या गावात एअर म्हटलं की लोकांना आभाळ दिसत नाही, लूम दिसते. मंडळाचे सुपडूभाऊ पाठीवर थाप मारून म्हणाले, एसी खातं, पाय कोरडे, बापाचे पांग फेडलेस. मला इतकी किळस आली की तिथेच सुनावलं, चूक दुरुस्त करा, एअरजेट नाही, एअर फोर्स. ते म्हणाले, बरं, अन् ‘निवड’? तो शब्द ठीक आहे म्हटलं, राहू द्या.
सोनाली म्हणते, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. लहान बहिणीला दोन म्हणी आल्या की लगेच वापरायच्या असतात.

२३ ऑगस्ट
परीक्षा झाली. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात म्हणून ललितने बरेच प्रश्न सोडले. भित्रा. मी एकही सोडला नाही. येत नव्हते तिथे आतला आवाज ऐकला. फौजी माणूस मागे हटत नाही.

२६ ऑगस्ट
नवा बॅनर पार पर्वत पाटियाच्या नाक्यावर लागला. आता ‘एअर फोर्स’ बरोबर आहे. ‘कुंदन’चा ‘कुंदण’ केलाय. मूर्ख लोक.

३० सप्टेंबर
निकाल. माझा आतला आवाज बहुतेक शत्रूच्या बाजूचा होता. ललित पास.
घरी सांगितलं, सर्व्हर डाउन आहे.

३ ऑक्टोबर
सर्व्हर अजून डाउन. आता कोणी विचारतही नाही, फक्त बघतात. बॅनरखालून जायला नको म्हणून कॉलेजला लांबून जातो. स्वतःच्याच फोटोची शिसारी येते.

५ ऑक्टोबर
कडोदऱ्याच्या एका शेठचा पप्पांना फोन. त्याने पहिला बॅनर पाहिला होता, एअरजेटला माणूस कमी आहे, पोराला पाठवा म्हणाला. मी उसळलो. मी काय कारागीर आहे? असल्या ऑफरची घाण वाटते मला, असं म्हणालो.
पप्पांनी हळूच विचारलं, "मंग मी जाऊ का?"
माझी परवानगी मागत होते. माझ्या नावाने आलेली नोकरी म्हणून. मला काहीतरी तोडून बोलायचं होतं, पण जा म्हटलं.

१२ ऑक्टोबर
पप्पा एअरजेटवर लागले. पाय हळूहळू सुकतायत. आज जेवल्यावर पायावर पाय टाकून बसले होते, मी एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मायने सगळ्या गल्लीला पेढे दिले. यावेळी बातमी खरी होती.
पण जुना शेठ बदली माणूस दिल्याशिवाय सोडत नव्हता. पप्पांनी एकाचं नाव दिलं होतं. कोणाचं, ते मला आज सांगितलं.

२० ऑक्टोबर
वॉटरजेटवर पहिला आठवडा. कॉलेज सकाळी, हे संध्याकाळनंतर. तात्पुरतं आहे. पप्पांनी पायाला लावायला खोबरेल तेल दिलं आणि स्वतःच चोळून दिलं. मला कसंतरीच झालं, पाय मागे घेतला, त्यांनी पुन्हा ओढला.
एक विचार डोक्यात पक्का होतोय. नेव्ही. तिथेही पदवीवर ऑफिसर घेतात आणि पाण्याची सवय तर आता होतेच आहे. अर्ज कधी निघतात ते ललितला विचारणार होतो, पण तो इंटरव्ह्यूला गेलाय.