वाफेच्या खोलीतली साक्ष

गिरगाव,
९ मार्च १९५९

प्रिय बुधाजीस,

पास्कलचा जयभीम. माझ्या आग्नेसचं पाय दुखणं चालूच आहे. आमच्या मुलीला, बीट्रिसला, टेलिफोन खात्यात काम लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या कालच्या सभेमुळे नाक्यावर अजून पोलीस आहेत. तू परळलाच आहेस की गावी गेलास, कळत नाही, म्हणून चाळीच्या पत्त्यावर लिहितोय.

पेटंटच्या निकालानंतर तू हॉस्पिटलात आला नाहीस. तुझ्या जागी नवा माणूस आलाय. ड्रेसिंगचे डबे वाफेच्या यंत्रात तोही आडवेच ठेवतो, आतली हवा खालून निघून जावी म्हणून. ही रीत कुणाची, त्याला माहीत नाही.

ती रीत फुकट वापरू पाहणाऱ्या कंपनीचे वकील कोर्टात म्हणाले, यात शोध कसला, या कामातल्या कुणालाही हे सुचलं असतं. मग मला उभं केलं. मी शपथेवर सांगितलं, "वीस वर्षं हॉस्पिटलातली वाफेची खोली सांभाळतोय. हे आम्हाला ठाऊकच होतं." तेवढ्यावर या रीतीचं तुझं पेटंट रद्द झालं.

कंपनीने मला सुपरवायझरची जागा कबूल केली होती. पण तेवढंच नव्हतं रे. माझ्या हाताखालच्या माणसाला दिसलं ते मला दिसलं नाही, हेच सोसवत नव्हतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तू हळूच विचारलंस, "पास्कल, ठाऊक होतं, तर माझ्या जाईच्या वेळी डबा आडवा का नाही ठेवलास?"

मी मान खाली घालून निघून गेलो.

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबारातल्या जखमींनी वॉर्ड भरले होते. आपण डबे गच्च भरून उभेच लावत होतो. तू म्हणालास, मधले कपडे गारच निघतात, वाफ पोचत नाही. मी सगळ्यांदेखत तुला झापलं, "भरायचं काम कर. डोकं चालवू नकोस." तिसऱ्या दिवशी तुझी जाईबाई बाळंतपणात अडली, पोट उघडावं लागलं. बाळ गेलं. कपडे त्याच डब्यांतले होते. जखम चिघळून आठवड्यात तीही गेली.

त्यानंतर वर्षभर तू डब्याच्या मधोमध गंधकाची पूड ठेवून, वाफेची आच पोचून ती वितळते का बघत होतास. मी हसायचो.

माझं ते झापणं तू कोर्टात काढलं नाहीस. माझी अब्रू राखलीस.

अपिलाची मुदत अजून आहे. हे पत्र तुझ्या वकिलांना दे. बोलावतील तिथे येऊन हेच सांगेन. नोकरी जाईल, खोट्या साक्षीची शिक्षाही होईल. आग्नेसला सांगितलंय. ती बीट्रिसच्या पगारात घर चालेल का, याचा हिशोब करतेय.

मला ठाऊक नव्हतं, बुधाजी. तू सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही.

हे शपथेवर लिहिणारा,
पास्कल