समोरच्या कोपऱ्यातलं बोलणं

यझ्द,
१८ मेहर १४०२

प्रिय माहरुखताई,

सलाम. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. यंदा डाळिंबं लहान आहेत, पण गोड आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी लगेच विषय बदलते. कागदावर ती सोय नाही.

बातमी अशी, की आपल्या मोहल्ल्यातल्या हमामाचं आता हॉटेल झालंय. आपण जिथे आंघोळीआधी कपडे उतरवून बोचकी ठेवायचो, त्या आठकोनी दालनात गालिचे टाकून जेवायला वाढतात. मधल्या हौदात लाल मासे सोडलेत. पाठ घासणारी सकीना बसायची तिथे लोणच्याच्या बरण्या मांडल्यात. घुमटातल्या गोल काचांतून ऊन मात्र अजून तसंच खाली येतं. भिंतीवरच्या निळ्या फरशा जुन्याच आहेत की नव्या, म्हणून मी नखाने खरवडून पाहिलं. वाढणारा म्हणाला, “खाला, भिंत आज जेवणात नाहीये.”

माझ्याबरोबर कोण होतं, ते आत्ताच लिहिते. माहीन होती. ताई, पत्र फाडू नकोस.

महिन्यापूर्वी नानच्या रांगेत ती भेटली. इस्फहानला सुईणीचं शिक्षण घेऊन ती तिकडेच राहिली होती, आता निवृत्त होऊन परत आलीये. पहिलं वाक्य, “माहरुख कशी आहे?” मी म्हटलं, बरी आहे. मग तिनेच एका दुपारी हमामात जेवायला बोलावलं. मी नको-नको म्हणत गेले. आत काय केलंय ते बघायचंच होतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तिच्या कंबरेला टेकू लागतो, म्हणून ती कोपऱ्यातल्या कट्ट्यावर बसली. फेसेंजानचा रस्सा आला, डाळिंबाच्या रसात अक्रोड छान वाटलेले होते. आणि मला राहवेना. उठले, दालन ओलांडून बरोबर समोरच्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि हलकेच म्हटलं, “माहीन, तळाचा खरपूस भात माझ्यासाठी ठेव.”

मध्ये पंधरा माणसं जेवत होती. तिचा चमचा हवेतच थांबला.

तुला हे कधीच माहीत नव्हतं. त्या दालनात एका कोपऱ्यात कुजबुजलेलं घुमटावरून फिरून समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. सात वर्षांची असताना मला ते सापडलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला दिवस गेलेत, कुणाची सासू कशी आहे, सगळं मी तिथे बसून ऐकायचे. त्यात कुणाचं नुकसान होईल असं मला वाटलंच नाही, तुझी गोष्ट ऐकेपर्यंत.

माहीन भिंतीकडे वळली. तिचा आवाज माझ्या कानाशी आला. “तलअत, त्या दिवशी तू तिथे बसली होतीस ना?”

हो ताई, बसले होते. तुम्ही दोघी समोरच्या कोपऱ्यात कुजबुजत होतात. इस्फहानच्या सुईणींच्या शाळेचा अर्ज तुम्ही चोरून भरलाय, मेहर महिन्यात शाळा सुरू होताच जाणार, हे मी ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. मी दहा वर्षांची होते. तू गेलीस तर मी कुणाजवळ झोपायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. महिन्याभरात तुझं लग्न लावून तुला मशहदला पाठवतील, हे मला कसं कळावं? आईने मला गप्प राहायची शपथ घातली. माहीनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तू तिला चहाडखोर ठरवलंस. मेंदीच्या दिवशी ती दारात उभी होती आणि तू तिला आत घेतलं नाहीस. मी पडद्यामागून बघत होते. आई गेल्यावर तरी बोलायला हवं होतं, पण तेव्हा मी मोठी झाले होते आणि मला लाज वाटत होती.

मी जागेवर परत आले. माहीन म्हणाली, “बस. भात गार होतोय.” मग चमचा खाली ठेवून म्हणाली, “एकोणपन्नास वर्षं मी आठवतेय, मी कुणाजवळ बोलले असेन. झोपेत बोलले का? बायका बाळंत होताना मला काय काय सांगतात, मी एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही. तरी मला माझ्याच तोंडाची भीती वाटायची.”

“तू ताईला सांग,” मी म्हटलं.

“मी कशाला? मी सांगितलं तर ती माझी पहिली चहाडी होईल. तू सांग.”

आणि खरपूस भात तिने माझ्या ताटात वाढला.

तुझं शिक्षण मी परत देऊ शकत नाही. तुझी मैत्रीण मात्र इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि तिने काहीच केलेलं नव्हतं. तिचा नंबर मागे लिहिलाय. दुपारी चारनंतर ती घरी असते. आधी तिला फोन कर. माझ्याशी नंतर बोल, किंवा बोलू नकोस. या वेळी मी मध्ये कान घालणार नाही.

तुला अजून तसं म्हणवत असेल तर तुझीच,
तलअत