खडवलीचा ठिपका

२४ ऑक्टो. ९३, रवि. दसरा.
कॉम्प्युटरची पूजा केली. देव मानत नाही मी. पण घरात विळीला, स्कूटरला, शिलाई मशीनला झेंडू मिळत असताना त्या ४८६ यंत्रालाच का वगळा? डब्याच्या तोंडावर ओलं कुंकू अंगठ्यानं कचकचून दाबलं. कुमुद म्हणाली, "अहो, टिळा लावताय की गळा दाबताय?"
दामू म्हात्रे जेवायला. त्याच्या खडवलीच्या गच्चीवरून अमावास्येला काढलेल्या फोटोत त्याला एक ठिपका सापडलाय. सप्टेंबरच्या फोटोत तो नाही. नवा तारा, की फिल्मवरचा डाग? आमचा मित्र फडणीस, त्यानं लिहिलेला प्रोग्राम सांगेल. आज यंत्राला सुट्टी. उद्या.

२५, सोम.
प्रोग्रामचं काम साधं: कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या एका फोटोतून दुसरा वजा करायचा, उरेल ते नवं. गेल्या महिन्यात तासात व्हायचं. आज सकाळी लावला, दिवेलागणीला निम्मासुद्धा नाही.
फडणीसला ठाण्यात, कोपरीला फोन. "तुझं मशीन म्हातारं झालंय." मी म्हटलं, "शनिवारी तू प्रोग्राममध्ये सुधारणा केलीस ना? तीच भोवतेय."
चंद्र वाढतोय. नवा फोटो दिवाळीपर्यंत नाही. तोवर तारा विझला किंवा दुसऱ्या कुणी पाहिला तर दामूनं गच्चीवर थंडीत घालवलेली सगळी वर्षं पाण्यात.

२७, बुध.
फडणीस इथे येऊन बसलाय. प्रोग्राम दोनदा नव्यानं लिहिला, वेग तोच. मी डब्याला चपलेनं चार मारल्या. दामू म्हणाला, "लेखकराव, बैलाला बी असा मारत न्हाय आमी."

२९, शुक्र.
काल दुपारी फडणीसनं प्रोग्राम लावून ठेवला, आज दुपारी संपला असता. सकाळी वीज गेली. डोंबिवलीत शुक्रवारी दिवसभर वीज नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा पडला ठाण्याचा.
मी म्हटलं, "बावळटा, पंचांग बघून तरी लावायचास." त्यानं पेपरवेट फेकून मारला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात. त्याचा हात की-बोर्डच्या खणात होता. मी खण लाथेनं बंद केला.
आवाज झाला. लाकडाचा नव्हता.
दामूनं मला कॉलरला धरून भिंतीवर आपटलं, मग फडणीसला रिक्षात घालून नेलं. माझ्या कपाळाला चार टाके. फडणीसची दोन बोटं मोडली. जाताना डाव्या हातानं दामूच्या निगेटिव्हचं पाकीट उचललं त्यानं. नेऊ दे.

१ नोव्हें., सोम.
दामूचा फोन. "तुमी शिकलेली मानसं. आमच्यात बांधावरनं डोकी फुटतात, तिथं जमीन तरी असते. तुमी ठिपक्यावरनं फोडलीत." ठेवून दिला.
आठवड्याचा विनोदी लेख पाठवला. विषय: पांढरपेशांची अहिंसा. संपादक खूश.

७, रवि.
दिवाळीची साफसफाई. कुमुदनं ओल्या फडक्यानं कॉम्प्युटर खसखसून पुसला. टक् झालं. कुंकवाच्या खपलीखालून पिवळा दिवा पेटला. खाली बटण, त्यावर अक्षरं: टर्बो.
हे बटण दाबलं की यंत्राचा वेग पार कासवाचा होतो, पुन्हा दाबलं की वर. दसऱ्याला मीच दाबलं होतं. वर कुंकूही मीच थापलं, म्हणून विझलेला दिवा दिसला नाही.
प्रोग्राम लावला. फडणीसचाच, शेवटचा. पाऊण तासात संपला. त्याची सुधारणा खरंच सुधारणा होती.
ठिपका उरला.
पण डागही उरतो. भिंगाखाली निगेटिव्ह पाहिल्याशिवाय कळायचं नाही. ती कोपरीला.
कुमुदनं विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही. बटण." डब्यावर मूठ उगारली, मग स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत बसलो.

८, सोम.
फडणीसला फोन. सगळं सांगितलं. कुंकू, अंगठा, दिवा.
"म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर होता?"
"हो रे."
"दामूला सांगितलंस?"
"आधी तुला."
"निगेटिव्ह माझ्या टेबलाच्या खणात आहे. ये, घेऊन जा."
"येतो."
"उजव्या हातानं काढायची. मी शेजारी उभा असेन."
कुमुदला म्हटलं, कोपरीला जाऊन येतो. भिंग घेतलंय. रोजनिशी आत्ताच लिहून ठेवतोय, अक्षर चांगलं आहे तोवर.