गार यंत्रावरची रेघ

प्रिय शेपटा,

साठीच्या माणसाला या नावानं हाक मारतोय म्हणून रागावू नकोस. चार वाजून दहा मिनिटं झालीत. तुझी लेक बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलीय. तू तिच्याबरोबर पाठवलेला रेडिओचा तो जुना फिल्टर माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि जुना ट्रॅकिंग जनरेटर मी आत्ताच चालू केलाय. तो तापायला अर्धा तास लागतो. माझ्याकडेही तेवढाच वेळ आहे.

लेक बोलायला अगदी तुझ्यासारखी आहे. आल्या आल्या म्हणाली, की बाबांच्या मते मोठेकाकांचं खोकं तापेपर्यंत माणूस म्हातारा होतो. मी हसलो खरा, पण तिनं तुझी चिठ्ठी पुढे केली आणि हसू तिथंच विरलं. एकच ओळ लिहिलीस तू. दादा, दोष माझ्या हातांचा होता की नाही ते एकदा मोजून सांग, तू सांगशील ते खरं. एकतीस वर्षांनी एक ओळ, आणि तीही अशी!

आठवतं, मी शाळेच्या पुस्तकातली ढगांची कविता मोठ्यानं म्हणत रस्त्यानं जायचो आणि तू माझा सदरा धरून, अर्धा शब्द मागे राहून, तीच म्हणायचास? म्हणून तर आईनं तुला शेपूट म्हटलं. पुढे आपण दोघं बंदरावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या कामाला लागलो आणि तिथल्या चाचणीच्या खोलीत हे यंत्र आलं तेव्हा मला तूच आठवलास. सूर मोजून पडद्यावर दाखवणारा ॲनालायझर जो सूर ऐकायला कान लावील, नेमका तोच सूर यानं त्याच क्षणी गायचा. मधे फिल्टर ठेवला की पलीकडे किती आवाज पोचतो ते पडद्यावर दिसतं. पण यंत्र गार असलं की तेही तुझ्यासारखं अर्धा शब्द मागे राहतं, आणि आवाज आहे त्याहून क्षीण दिसतो. म्हणून आधी अर्धा तास तापवायचं, मग फिल्टर न लावता पूर्ण आवाजाची रेघ मारून ठेवायची, आणि त्या रेघेपासून फिल्टर मोजायचा; चांगला फिल्टर रेघेजवळ येतो, खराब बराच खाली राहतो. हे तुला मीच शिकवलं. तू वहीत दोनदा लिहून घेतलंस.

बंदरातल्या त्या बोटीच्या रेडिओसाठी फिल्टर दोनच आले होते, एक बसवायला आणि एक जादा. मी मोजले, पास केले, तू एक बसवलास. आठव्या दिवशी धुक्यात रेडिओला किनाऱ्याची हाक ऐकू आली नाही, बोट धक्क्यावर आदळली आणि त्या हसऱ्या खलाशाचा पाय गेला. चौकशीत साहेब म्हणाले, कागदावर फिल्टर उत्तम आहे, म्हणजे डाग देऊन बसवतानाच जास्त उष्णता लागून बिघडला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, फिल्टर ठीक होते. तू मान खाली घातलीस. त्यानंतर सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं नाहीस, घरातला रेडिओसुद्धा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलास, असं तुझी बायको एकदा म्हणाली होती. दोष स्वतःचा मानणाऱ्यानं तो जादा फिल्टर, आज पाठवलास तोच, मात्र डबीतून न काढता जपून ठेवला. तुझ्या मनाच्या एका कोपऱ्यात शंका होती ना रे?

वीस मिनिटं झाली. पोरगी दारातून डोकावून गेली. तापलं का, असं विचारत होती. अजून नाही, म्हटलं.

आता खरं सांगतो, नाहीतर लेखणी पुन्हा ढगांत जाईल. त्या सकाळी मी धक्क्यावरच्या बाकावर एक कविता जुळवत बसलो होतो. शेवटचं यमक सापडेना. खोलीत पोचलो तेव्हा फोरमन दारात उभा, बोट सुटायची घाई. मी यंत्र चालू केलं आणि पाचव्या मिनिटाला रेघ मारली. यंत्र गार, म्हणून रेघ खाली आली. फिल्टर मोजेस्तोवर यंत्र तापलं, आवाज वाढला, आणि खराब फिल्टर त्या खोट्या रेघेपाशी छान जाऊन टेकला. पडद्याचा फोटो काढून मागे वेळ लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. चालू नऊ वाजून पाच, रेघ नऊ वाजून दहा. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी तो फोटो उलटून पाहिला आणि चौकशीला जाण्याआधी शाळेच्या कवितांच्या पुस्तकात ठेवला. म्हणजे तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला ठाऊक होतं. प्रमुख म्हणून ती चाचणीची खोली माझ्या हाती येणार होती. मी घाबरलो. याहून सुंदर शब्द त्याला नाही.

आणि आजची गोष्ट त्याहून वाईट आहे. हे पत्र सुरू करण्याआधी, यंत्र गार असतानाच, माझं बोट रेघेच्या बटणावर गेलं होतं. दाबलं असतं तर तुझा फिल्टर आज पुन्हा उत्तम ठरला असता, आणि मरेपर्यंत तू स्वतःच्या हातांना बोल लावला असतास. बोट मागे घेतलं, पण त्या बोटावर माझा भरवसा राहिला नाही. म्हणून हे लिहिलं. फोटो आत ठेवलाय. पाकीट चिकटवत नाही. पोरीला आत बोलावून आधी हे वाचायला देतो. वाचून झाल्यावर ती मला काय म्हणेल ते म्हणो. अर्धा तास भरला की रेघ तिनं मारायची, मोजायचं तिनं, आकडा तुला कळवायचा तिनं. मी खिडकीपाशी हात मागे बांधून उभा राहणार आहे.

तुझाच,
दादा