आमच्या दोघींचा प्रकल्प

९ फेब्रुवारी, रविवार

आज वर्गात बोलले. अडीच वर्षात पहिल्यांदा.

बी.ए.चा साठ जणांचा ऑनलाइन वर्ग, सगळ्यांचे कॅमेरे बंद, काळ्या चौकोनात नुसती नावं. सर दर रविवारी विचारतात, "काही शंका?" आणि कुणी म्हणजे कुणी बोलत नाही. यंदा सरांनी वर्गाच्या जोड्या पाडल्या. म्हणाले, "आधी एकमेकांना विचारा, तिथं अडलं तर मला. या वर्गात कुणी एकट्यानं पास व्हायचं नाही."

माझ्या जोडीला वसमतची मंजुषा. माइक कुठं दाबायचा, हात कसा वर करायचा, तिनंच शिकवलं. आज सर प्रश्न विचारत होते तेव्हा ती बाजूनं मेसेज टाकून राहिली होती, बोल, बोल. बोलले. आवाज कापत होता. अंगणवाडीत चाळीस लेकरायपुढं कधी कापत नाही.

सर म्हणाले, "रेखाताई, इतके दिवस कुठं होतात?"

हे ओट्यावर बसून ऐकत होते. वर्ग संपल्यावर म्हणले, "बराबर बोलली." बास, एवढंच.

१२ फेब्रु., बुध.

लेकरं घरी गेल्यावर मं.चा फोन. पाऊण तास. (मंजुषा आता वहीत नुसती मं.) भेट अजून न्हाई. फोटोत बघितलेली. नवरा ऑफिसात क्लार्क. म्हणते, घरात मला भाजी कोणती करू एवढंच विचारतात, त्याच्यापुढं माझं मत लागत नाही कुणाला.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय ठरला. हळद उकडणाऱ्या बाया. मं. म्हणाली, "मला शेतातलं काही कळत नाही. तू माहिती आण, मी नीट लिहून टाईप करते." माझ्याकडं नुसता मोबाईल, तिच्याकडं लॅपटॉप. दोघींचा एकच अहवाल, दोघींची नावं. फोनवरच सरांना जोडून घेतलं, विचारलं. सर म्हणाले, "चालेल की. मला हेच तर पाहिजे."

बी.ए. झालं तर अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येईल. माझं वय त्यात बसतंय ते यंदाच.

१८ फेब्रु., मंगळ.

कोंडाबाईकडं गेले, अंगणवाडीपासून चौथं घर. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा पडलाय, कातडी ताणून बसलेली. मागच्या हंगामात हळद उकडायच्या मोठ्या कुकरचं झाकण उघडताना वाफ आली अंगावर.

"दवाखान्यात काय सांगितलं मग?"

"घरी चुलीवर सांडलं म्हनून सांगितलं. मालक गाडीत संगंच व्हते. म्हनले, आसंच सांग, न्हाईतर तुलाच तकलीफ. मी बी तसंच सांगितलं. पुढल्या हंगामाला काम लागतंय ना, माय."

विचारून रेकॉर्ड केलं मोबाईलवर. वीस मिनिटं. शेवटाला म्हणली, "नाव नको टाकू." शपथ बिपथ घातली न्हाई. म्हणली आणि उठून पाणी आणायला गेली.

मालकाची सून वनिता आमच्याच वर्गात आहे. तिचाही चौकोन काळाच असतो. ऐकत असते का नसते, कळत न्हाई.

२० फेब्रु., गुरु.

वहीतलं सगळं मं.ला वाचून दाखवलं. अकरा बायांचं बोलणं. ती टाईप करत गेली. बोलता बोलता कोंडाबाईचं नाव तोंडून गेलं. लगेच म्हणलं, लिहिताना नुसतं 'एक बाई'. तिच्या मालकाची सून आपल्याच वर्गात आहे.

"अगं, कळतं मला."

दोनदा सांगितलं. मग मलाच वाटलं, किती ते सांगायचं, ती काय लहान आहे का.

मधेच ती रडली. हाताचं ऐकून. म्हणाली, असं काही मी आयुष्यात ऐकलं नाही. मला तिच्याबद्दल लई बरं वाटलं.

२ मार्च, रवि.

वर्ग आता बोलतोय. चर्चेच्या पानावर मी रोज एक तुकडा टाकते, मं. त्यावर प्रश्न टाकते, मग दुसरेही विचारतात. जवळा बाजारच्या एकानं कापूस वेचणाऱ्या बायांचं टाकलं. सरांनी माझ्या तुकड्याखाली लिहिलं, "उत्तम निरीक्षण, रेखाताई. सगळ्यांनी असं लिहा." चार वेळा वाचलं. यांना दाखवलं. सासूबाईंनाही.

सर म्हणाले, सगळ्या अभ्यासकेंद्रांचा मिळून एक वर्ग होणार, त्यात चांगला प्रकल्प वाचायचा. आणि केंद्रावर मदतीला एक माणूस घ्यायचाय, विद्यार्थ्यांतूनच.

मं.चा लगेच फोन. "मला मिळालं तर? घराबाहेर पडायला एक कारण होईल गं." म्हणलं, मिळू दे की. मला इथनं थोडंच जमणार. आम्ही दोघी हसलो.

१० मार्च, सोम.

मं. फोन उचलत न्हाई. चार दिवस झाले. मेसेज आला, पाहुणे आहेत.

रात्री अहवालाची फाइल आली. 'तुझ्या नावानं तू टाक, माझ्या नावानं मी टाकलाय. सर म्हणाले वेगवेगळं टाकावं लागतं.'

पहिल्या पानावर दोघींची नावं होती ना? फाइलमध्ये पहिलं पान कोरं आहे. विचारलं. निळी खूण झाली, उत्तर न्हाई. असेल घाईत.

१३ मार्च, गुरु.

सेनगावला जाऊन कॉम्प्युटरवाल्याकडून अपलोड करून घेतलं. पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली 'सहकार्य : मंजुषा' असं घालायला लावलं. तिनं माझं असंच घातलं असेल.

१६ मार्च, रवि.

लिहिते.

आज सगळ्या केंद्रांचा वर्ग. दोनशेवर माणसं. सर म्हणाले, आता मंजुषाताई त्यांचा प्रकल्प वाचतील. त्यांचा. कॅमेरा चालू करून बसली होती, मागं पडदा, अंगावर चांगली साडी. "मी पुसेगावला जाऊन या महिलांशी बोलले." ती आमच्या पुसेगावला कधी आलीच न्हाई. आलीच न्हाई ती.

माझी वाक्यं. बायांनी जशी सांगितली तशी. थोडी पुस्तकी करून.

आणि मग, "कोंडाबाई मला म्हणाल्या, मालकांनी दवाखान्यात खोटं सांगायला लावलं."

माइक दाबला. लागेना. आज सगळ्यांचे माइक वरूनच बंद ठेवले होते. हाताची खूण केली. मेसेज टाकला, थांबवा. दोनशे जणांच्या अभिनंदनाच्या मेसेजात तो वर सरकून गेला. उपस्थितांच्या यादीत बघितलं. वनिताचं नाव होतं.

सर म्हणाले, "असं संशोधन व्हायला पाहिजे."

१७ मार्च, सोम.

उचलला एकदाचा.

"गडबडीत तुझं नाव राहून गेलं गं. मी सरांना सांगणार होते."

"आणि कोंडाबाईचं काहून घातलं?"

"सर म्हणाले, नाव असलं की अभ्यास खरा वाटतो."

"मी दोनदा सांगितलं होतं."

"एवढं काय होतंय. कोण लक्ष देतं."

मी काय बोलले ते आठवत न्हाई. शिव्या येतात मला, पण आल्या न्हाईत. तिचा आवाज तसाच होता, रोजचा, मायेचा. त्याचंच जास्त लागलं.

१९ मार्च, बुध.

हळदीच्या कामाला बाया नेणारी ट्रॉली सकाळी गेली. कोंडाबाईला घेतलं न्हाई. मुकादमानं सांगितलं, तुझा हात बरा न्हाई, घरी आराम कर. वर्षभर हाताचं कुणी नाव काढलं न्हाई, आज काढलं.

दुपारी अंगणवाडीच्या दारात आली. आत ये म्हणलं तर आली न्हाई.

"तूच सांगितलं ना?"

"मी न्हाई. माझ्या जोडीदारणीनं वाचलं."

"तिला कुनी सांगितलं मग?"

मंजुषाला सांगितलं मीच. मला फसवलं तिनं, पण कोंडाबाईला तिनं न्हाई फसवलं, ती तर तिला ओळखतही न्हाई.

२४ मार्च, सोम.

मेसेज. 'आपला प्रकल्प अहवाल दुसऱ्या विद्यार्थ्याच्या आधी सादर झालेल्या अहवालाशी जुळत असल्याने नामंजूर.' हरकत असेल तर ४ एप्रिल संध्याकाळी पाचपर्यंत पुरावा द्यावा.

आधी सादर झालेल्या. ती आठ तारखेची, मी तेराची.

सरांना फोन. तीनदा कट झाला. चौथ्यांदा उचलला.

"रेखाताई, मी एकमेकांना मदत करा म्हणालो होतो. एकच अहवाल दोघींनी टाका असं नव्हतो म्हणालो."

"सर, तुम्ही फोनवर होतात. चालेल म्हणालात."

"चर्चा करायला चालेल म्हणालो असेन."

"चर्चेच्या पानावर सगळं माझं आहे. तुम्हीच शाबासकी लिहिली होती."

"ते पान महिनाअखेरीला रिकामं करतो आपण. या वेळी थोडं आधी झालं."

वहीचं सांगितलं. अकरा बायांची नावं, दिवस, सगळं माझ्या अक्षरात. म्हणाले, वहीवर तारीख कुणीही टाकतं.

मग मऊ आवाजात, "पुढच्या वर्षी पुन्हा टाका ना. एवढी घाई काय आहे?"

घाई काय आहे ते त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकानं सांगायचं होतं, कशासाठी शिकताय. मी वयाचं सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, तुमचं काम होईपर्यंत मी मागं आहे.

चर्चेचं पान उघडून बघितलं. पान कोरं.

२५ मार्च, मंगळ.

कोंडाबाईचं रेकॉर्डिंग आहे. वीस मिनिटं. माझा आवाज, तिचा आवाज, वर तारीख. याला कुणी काही म्हणू शकत न्हाई. सरांना तेवढं मेसेज करून कळवलंय, रेकॉर्डिंग आहे.

हे म्हणले, "पाठवून दे. त्या बाईचं व्हायचं ते झालंच की आता. तू काहून बुडते?"

खरं आहे. झालंच आहे. पण मालक आजवर म्हणून राहिलेत की बाई असं बोललीच न्हाई, शहरातल्या कुणीतरी मनानं लिहिलं. कोंडाबाईही तेच म्हणते गावात. तेवढ्या आधारावर पुढल्या हंगामाला कदाचित घेतील. तिचा आवाज सरांकडं गेला, तिथनं कुठं जाईल, आता मला सगळं माहीत झालंय.

२८ मार्च, शुक्र.

कोंडाबाईकडं गेले. वाल सोलत होती, डाव्या हातानं. सगळं सांगितलं. पदवीचं, वयाचं, चार तारखेचं. ऐकून घेतलं तिनं.

"म्हंजे तिनं नाव वाचलं आन् तू आवाज ऐकवनार."

"तू न्हाई म्हणली तर न्हाई ऐकवणार."

"मी व्हय म्हनावं म्हनून आली ना तू?"

हो. त्यासाठीच गेले होते. तिला ते दारातूनच कळलं असेल.

मी थोडा वाल सोलू लागले. मग तिनं सूप ओढून घेतलं.

१ एप्रिल, मंगळ.

वर्गाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज. 'मंजुषाताई आजपासून केंद्रावर रुजू. अडचणी त्यांना विचारा.' खाली अभिनंदन, फुलं. मी ग्रुपमधून बाहेर पडणार होते, पण परीक्षेच्या सूचना तिथंच येतात. पडले न्हाई.

वनिताचा वेगळा मेसेज आला. पहिल्यांदाच. 'ताई, मी घरात काही सांगितलं नव्हतं. मोबाईल स्पीकरवर होता.' उत्तर दिलं न्हाई. पण वाचून जरा मोकळं वाटलं, हे खरं.

३ एप्रिल, गुरु.

मंजुषा आली होती.

साडेबाराला लेकरायच्या खिचडीला फोडणी दिली, दारात बाई उभी. ओळखू आली न्हाई. आवाजावरून उंच वाटायची, बुटकी आहे. "मी मं." म्हणाली. ते नाव मी वहीत लिहिते, तिला कधीतरी मीच सांगितलं असेल.

पाणी दिलं. बस म्हणलं. लेकरं बघत राहिली.

"तू रेकॉर्डिंग पाठवणार आहेस असं सर म्हणाले."

"अजून न्हाई पाठवलं."

"पाठवलंस तर माझं केंद्रावरचं जाईल, रेखा. तीनच दिवस झालेत. सकाळी डबा घेऊन निघते तेव्हा..." मग म्हणाली, "तुझ्याकडं नोकरी आहे. गावात लोक ताई म्हणतात. मला वाटलं, तुला याचं एवढं लागणार नाही."

वाटलं होतं आली की बोलेन, सगळं बोलेन. मनात सतरा दिवस बोलून राहिले होते तिच्याशी. प्रत्यक्षात निघालं ते वेगळंच. म्हणलं, "त्या बाईचं काम गेलं."

"कुठल्या?"

तिच्या तोंडावर खरंच प्रश्न होता.

"कोंडाबाईचं."

"अगं हो," म्हणाली. मान खाली घातली.

"इथनं चौथं घर, कोपऱ्यावरून डावीकडं. जाऊन सांग तिला की नाव तू वाचलं. मग रेकॉर्डिंगचं काय करायचं ते मी बघते."

"अडीचची बस आहे मला."

"अजून दीड तास आहे."

पर्स उचलली. दारात थांबली, वाटलं काही बोलेल. "येते" म्हणाली. कोपऱ्यावर गेली. तिथनं उजवीकडं स्टँड. तेवढ्यात खिचडी खाली लागल्याचा वास आला, मला आत यावं लागलं. बाहेर येऊन बघितलं तर रस्ता मोकळा.

संध्याकाळ झाली. कोंडाबाईकडं जाऊन विचारावं, कुणी आलं होतं का. दोनदा चप्पल घातली.

उद्या पाचपर्यंत.