प्याल्यात उरलेलं

५ ऑक्टो., रवि., अमरावती
पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. प्रवचन अहरोनाच्या ऊरपटावर. बारा रत्नं, बारा वंशांची नावं. अहरोन हा पहिला मुख्य याजक, म्हणजे पुरोहित; देवासमोर जाताना सगळ्यांना छातीवर घेऊन जायचा. लोकांनी मन लावून ऐकलं. माझं मलाच आवडलं, तेही लिहून ठेवतो.

आता नंतरचं. आमच्या मंडळीत प्याला एकच. त्यातला द्राक्षरस म्हणजे प्रभूचं रक्त; सगळ्यांचं झालं की उरलेला पाळकाने, म्हणजे मी, प्यायचा, टाकायचा नाही. रांगेत शेवटी सुमनमावशी. मुद्दाम शेवटी उभ्या राहतात, आपल्यामागून कुणाला प्यावं लागू नये म्हणून. तरुणपणी महारोग झाला होता. औषधाने कधीचाच बरा झाला, बोटं तेवढी आखडलेली राहिली. त्यांच्यामागून पिणारा मी एकटाच. जूनमध्ये इथे आल्यापासून प्याला फिरवून दुसऱ्या कडेने प्यायचो. आज तेही जमलं नाही. मागच्या दाराने गेलो आणि सदाफुलीच्या आळ्यात ओतून आलो.

कुणी पाहिलं नाही.

७ ऑक्टो.
तो रोग आता कुणाला लागत नाही. हे मला माहीत आहे, डॉक्टरला विचारायची गरज नाही. अडाणीपणा असता तर माफ तरी झाला असता. रात्री ताटातली भाकरी तशीच ठेवली. बायकोने, एस्तेरने, विचारलं, "काय झालं?" म्हटलं, पित्त.

१२ ऑक्टो., रवि.
मावशी आल्या नाहीत. एस्तेर दारात उभी राहून रस्ता बघत होती. "मावशी काहून नाही आल्या?" मी म्हणालो, गुडघे दुखत असतील. दोन थापा झाल्या या आठवड्यात. पाळकाची जीभ सरावलेली असते, अडखळत नाही.

१७ ऑक्टो., शुक्र., अकोला
संध्याकाळच्या सभेला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिलेला: जुन्या करारातले याजक आणि आपण. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणालो नाही.

लेवीय हे पुस्तक घेतलं. महारोगी बरा झाला की तो याजकाकडे येईपर्यंत याजकाने वाट पाहायची नाही, स्वतः उठून छावणीबाहेर जायचं. मग त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, हाताच्या अंगठ्याला, पायाच्या अंगठ्याला बळीचं रक्त लावायचं. अहरोनाला याजक केलं तेव्हा त्यालाही याच तीन जागी लावलं होतं. पुढे नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राकडे आलो. आता याजक एकच, ख्रिस्त. त्याच्यामुळे आपण सगळेच याजक. पाळक हा काही देवाच्या दारावरचा पहारेकरी नाही. बरं रंगलं.

शेवटी पुढच्या बाकावरचे एक म्हातारे उठले. "म्हंजे याजक त्याले हात लावे?"
"हो, लावायचा."
"सोताच्या हातानं?"
हो म्हणालो आणि पाणी प्यायलो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच. पण माझे कान तापले. चहाला थांबलो नाही. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत डोळे मिटून बसलो, शेजारचा बोलेल म्हणून.

१९ ऑक्टो., रवि.
मावशी आजही नाहीत. घरी आल्यावर एस्तेरला सगळं सांगितलं. तिने चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "तुमी जा. मी नाही येत संगं. मी आली त तुमी माह्या मागं लपसान." बायकोला नवरा किती ओळखू यावा याला काही मर्यादा हवी.

२२ ऑक्टो., बुध.
जाऊन आलो. नांदगाव पेठेत मुलाजवळ राहतात. तो कापडाच्या कारखान्यात कामाला गेलेला. दिवाळीमुळे गल्लीत रांगोळ्या, मी पाय चुकवत चुकवत गेलो.

मावशींनी बसायला खुर्ची दिली, चहा ठेवला. स्वतःसाठी स्टीलचा गिलास काढला. माझ्यासाठी पिशवीतून कागदी कप, नवाकोरा. मी दिसलो तेव्हाच शेजारच्या पोरीला दुकानात धाडलं होतं.
"मावशी, मलेबी गिलासातच द्या."
"काहून? इथं कोन पाहून राह्यलं तुमाले?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याच म्हणाल्या, "मी चर्चच्या खिडकीतून पाह्यलं, पास्टर. आदी सांगतलं असतं त मी घेतलाच नसता. देवाच्या रक्ताले मातीत कायले ओतलं?" त्यांना स्वतःच्या अपमानापेक्षा त्याचं जास्त लागलं होतं, की मला तसं वाटून घेणं सोयीचं आहे? माफ करा म्हणालो. त्या "हं" म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मी कागदी कपातूनच चहा प्यायलो.

उठताना नेहमी मी प्रार्थना करतो. आज तोंड उघडेना. मावशी थोडा वेळ थांबल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, या लेकराचं भेव काढ." एवढंच. बावन्न वर्षांचं लेकरू. सगळे याजक, असं परवा अकोल्यात हात वर करकरून सांगितलं होतं ना, ते हेच.

आणि हे लिहिलंच पाहिजे: हात टेकला तेव्हा माझी मान ताठ झाली. त्यांना कळलं असणार. त्यांनी हात काढला नाही.

२६ ऑक्टो., रवि.
मावशी नाहीत. प्रवचन साधंच केलं, स्तोत्रावर. याजकांचं नाव काढलं नाही.

१ नोव्हें., शनि.
उद्या प्रभुभोजन. दुपारी मावशींचा फोन. "उद्या येतो मी. पन आता शेवटी नाही राहत. मधात उभी राहीन. पाहू."

या म्हणालो. दुसरं काय म्हणणार. म्हणजे उद्या त्यांच्यामागे अर्धी मंडळी, आणि प्याला माझ्या हातात. कुणी तोंड फिरवलं तर त्याला काय सांगू? कोणत्या तोंडाने? शिवाय माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी. तोवर इतकी तोंडं लागलेली असतील की मी प्यायलो तरी त्यात काय मोठं...

एस्तेरला सांगितलं. ती म्हणाली, "मी राह्यतो तिच्या मागं उभी."

माझ्या तोंडून पटकन 'नको' निघून गेलं.

ती उद्याच्या साडीला इस्त्री करायला गेली.